चार सुताचा पाना

पहिलाच बोल्ट आणि पहिलीच फजिती. बारा नंबरचा पाना त्यावर चढेना आणि तेरा नंबरचा नुसता गोल फिरे. गाडी इंग्लंडात बनलेली, मी इंग्लंडातच राहणारा, पानेही इथल्याच दुकानातले; मग अडलं कुठे? गॅरेजच्या गार फरशीवर बसून डोकं खाजवत होतो, तेव्हा कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं काकांचं गॅरेज आठवलं. शाळेच्या सुट्टीत तिथे माझं काम एकच असे. गाडीखालून काळा हात बाहेर आला की मागितलेला पाना त्यात ठेवायचा. "चार सुताचा दे रं." इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. अर्धा इंच म्हणजे चार सूत, सात सोळांश म्हणजे साडेतीन. माझ्यासमोरचा बोल्ट होता अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटर. बारात मावत नाही, तेरात टिकत नाही. त्याला चार सुताचाच पाना हवा.

गाडी १९७१ सालची एमजीबी रोडस्टर. कोव्हेंट्रीजवळच्या एका गावातल्या माझ्या एकगाडी गॅरेजात ती आली ती ट्रेलरवरून, आणि तिचे सुटे भाग केळ्यांच्या खोक्यांतून. हा आमचा चौथा हिवाळा.

एमजी म्हटलं की आता पुण्या-मुंबईत हेक्टर डोळ्यांसमोर येते. त्या नावाचा मालक चिनी आहे आणि भारतातल्या गाड्या गुजरातेत हालोलला बनतात. मूळ एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डमधलं विल्यम मॉरिसचं गाड्या विकण्या-दुरुस्तीचं दुकान. तिथला व्यवस्थापक सेसिल किंबर याने १९२० च्या दशकात मॉरिसच्या साध्या गाड्यांना नवी, डौलदार अंगं चढवून विकायला सुरुवात केली. १९२९ मध्ये हा कारभार ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डन गावी गेला आणि पुढची पन्नास वर्षं तिथेच राहिला. अॅबिंग्डन म्हणजे मुळात जोडणीचा कारखाना. एमजीबीचं पत्र्याचं अंग स्विंडनहून येई, इंजिन दुसरीकडून, विजेचं सामान तिसरीकडून. फिरता पट्टा नव्हता. गाडी एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर माणसं हाताने ढकलत नेत. अशा ढकलगाडीच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या, आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या.

स्पोर्ट्स कार म्हणून तिची कुंडली मांडली तर फार काही हाती लागत नाही. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ९५ अश्वशक्ती, वेग ताशी शंभर मैलांच्या जरा पुढे. आजची बरी हॅचबॅक तिला सिग्नलवर मागे टाकेल. इंजिनही खास तिच्यासाठी घडवलेलं नाही. ते बीएमसी कंपनीचं 'बी सीरिज', घरगुती सलून गाड्यांत, व्हॅनमध्ये, मिळेल तिथे बसवलेलं. या घराण्याचं १४८९ सीसीचं इंजिन एमजीबीच्या आधीच्या एमजीए गाडीत होतं, मॉरिस ऑक्सफर्डमध्ये होतं, आणि तिथून उत्तरपाड्याच्या कारखान्यात जाऊन ते आपल्या अॅम्बेसेडरमध्ये बसलं. मंत्र्यांच्या लाल दिव्याखाली जे धडधडत असे, त्याचाच थोरला भाऊ माझ्या गॅरेजात टांगलेला होता. टांगलेला अशासाठी, की या गाडीत क्लच बदलायचा तरी अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं.

तिचं मोठेपण माझ्या मते या साधेपणातच आहे. फेरारी घरी उघडण्याचं धाडस कोण करील? एमजीबी मात्र शाळामास्तर, परिचारिका, बँकेतले कारकून यांना परवडेल अशी केली होती आणि रविवारी दारात उभी करून त्यांनीच ती दुरुस्त करावी अशीही. बॉनेट उघडलं की प्रत्येक वस्तू दिसते, आणि दिसते तिथे हातही पोचतो.

घेताना लोक इंजिन ऐकतात. मी हीच चूक केली. आधीच्या मालकाने चालू करून दाखवलं, आवाज गोड लागला, रंगही चकचकीत. घरी आणून लोहचुंबक फिरवला, तर दाराखालच्या पट्टीवर तो चिकटेचना. रंगाखाली लांबी, लांबीखाली जाळी, जाळीखाली गंज आणि गंजाखाली काहीच नाही.

दाराखालच्या त्या पट्टीला सिल म्हणतात, आणि एमजीबीत सिल म्हणजेच गाडी. आधीच्या एमजीएला ट्रकसारखी वेगळी चॅसी होती. एमजीबीला नाही; पत्र्याच्या पेट्या जोडूनच तिचं अंग उभं राहतं. रोडस्टरला डोक्यावर छप्पर नाही, तेव्हा पुढचा भाग मागच्या भागाला धरून ठेवायचं सगळं काम या दोन सिलांवर पडतं. बाहेरून एक पत्रा दिसतो, पण आत तीन-चार आहेत. बाहेरचा सिल, मधोमध उभा पडदा, आतला सिल, आणि तळाशी किल्ल्याच्या तटासारख्या आकाराची एक पट्टी, जिला इथले लोक खरोखरच 'कॅसल रेल' म्हणतात. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल फेंडरच्या मागच्या पोकळीत साठतो. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर बर्फ वितळावं म्हणून मीठ टाकतात, ते त्या चिखलात मुरतं. मग लोणचं मुरावं तसा पत्रा आतून मुरत जातो आणि बाहेरचा रंग शेवटच्या दिवसापर्यंत हसत राहतो.

सिल बदलायचा तर आधी दाराच्या चौकटीत लोखंडी नळ्यांचा आडवा टेकू वेल्ड करायचा. तो न घालता सिल कापला की गाडी मधोमध बसते, आणि पुन्हा दार लागत नाही. कापणं हेही एकदम नाही. कारखान्यातलं वेल्डिंग ठिपक्यांचं, दोन पत्रे थोड्या थोड्या अंतरावर एकेका ठिपक्यात वितळवलेले. तो प्रत्येक ठिपका शोधायचा, त्यावर पंचाने खूण करायची, आणि खास ड्रिलने फक्त वरचा पत्रा भोकून काढायचा. खालच्याला धक्का लागता कामा नये. एका बाजूचे ठिपके काढण्यात माझे दोन शनिवार गेले. खालची कड सुटली तेव्हा आतून काय निघावं? वाटीभर तांबडी माती, एक चिमणीच्या पिसासारखं काही, आणि आतल्या जुन्या सिलावर कुणीतरी तिसऱ्यांदा चढवलेला पत्रा. गंज न काढता वरून नवं ठिगळ, त्यावर पुन्हा ठिगळ. असं काम करणाऱ्याला काका 'शिंपी' म्हणतात.

नवा सिल बसवताना वेल्डिंगपेक्षा जास्त वेळ जातो तो दार लावून बघण्यात. क्लॅम्प आवळायचे, दार लावायचं, फट बघायची. क्लॅम्प सोडायचे, कणभर सरकवायचं, पुन्हा दार. कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसली की मगच टॉर्च हातात घ्यायची. पोकळीत पुढे मेण फवारायचं असतं आणि ते मी सढळ हाताने फवारलं. मीठ दरवर्षी पडणारच आहे.

हा नवा सिल मिळतो कुठून, हा गाडीच्या वयाचा विचार करता नवलाचा भाग आहे. सप्टेंबर १९७९ मध्ये अॅबिंग्डनने आपल्या पन्नाशीचा आठवडाभर सोहळा केला, मिरवणुका काढल्या, आणि लगेचच्या सोमवारी, १० तारखेला, मालक ब्रिटिश लेलँडने कारखाना बंद करण्याची घोषणा केली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात शेवटची गाडी निघाली. पण पत्रा दाबायचे साचे सगळे भंगारात गेले नव्हते. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने ते शोधून काढले, आणि १९८८ पासून एमजीबीचं अख्खं अंग पुन्हा नवं मिळू लागलं. गाडी बनायची थांबून आठ वर्षं झालेली, आणि तिचं शरीर मात्र ताजं! पुढे १९९२ मध्ये याच अंगाच्या आधारे व्ही-८ इंजिनाची आरव्ही-८ नावाची गाडी निघाली. तीही दोनेक हजारच, आणि बहुतेक जपानला गेल्या.

मग जुनं अंग टाकून नवं आणलं तर गाडी जुनीच राहते का? इथल्या वाहन नोंदणी खात्याने असल्या भानगडींसाठी बरीच वर्षं गुणपत्रिका ठेवली होती. फार फेरफार झालेल्या गाडीला जुना नंबर टिकवायला आठ गुण लागत. चॅसीला किंवा अंगाला पाच, सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, आणि इंजिनाला? एक. मी ज्याच्या गोड आवाजावर भाळलो त्याला फक्त एक गुण! गाडी घ्यायच्या आधी हे वाचलं असतं तर बरं झालं असतं.

विजेच्या कामाबद्दल थोडक्यात. दिवे, अल्टरनेटर, वायरिंग बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीचं, आणि तिच्या संस्थापकाला इथले शौकीन 'अंधाराचा राजपुत्र' म्हणतात. मला हा विनोद अन्यायाचा वाटतो. वायरींच्या रंगांना शिस्त आहे: तपकिरी म्हणजे कायम चालू, पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर, हिरवी म्हणजे फ्यूजमागची, काळी म्हणजे अर्थ. पन्नास वर्षांनी दिवे मंद झाले तर बहुतेक वेळा दोष त्या काळ्या वायरीच्या टोकाशी असतो, जिथे ती गंजलेल्या पत्र्याला टेकते. पॉलिश पेपरने टोकं घासली आणि माझे निम्मे दिवे आपोआप लागले.

पेट्रोलचं दुखणं नवं आहे. २०२१ च्या सप्टेंबरपासून इथे साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल आलं आणि जुन्या रबरी नळ्या त्यात मऊ पडू लागल्या. ई-२० वरून भारतात जी चर्चा चालते ती ऐकून असलेल्यांना जास्त सांगायला नको.

आता कार्ब्युरेटर, आणि इथे मी रेंगाळणार आहे. एमजीबीला दोन एसयू कार्ब्युरेटर असतात. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन; पादत्राणांच्या धंद्यातल्या घराण्यातल्या स्किनर बंधूंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही रचना काढली आणि पहिल्या नमुन्यांत चक्क चामड्याचा भाता होता. पुढे भात्याच्या जागी धातूचा पिस्टन आला. बाहेरून ते पालथ्या घातलेल्या गडूसारखं दिसतं. त्या गडूत पिस्टन वरखाली होतो आणि त्याच्या तळाला एक निमुळती सुई असते, जी पेट्रोलच्या छिद्रात लोंबते. इंजिनाने जास्त हवा ओढली की पिस्टन उचलला जातो, सुई वर येते, ती खाली निमुळती असल्याने छिद्र मोकळं होतं आणि पेट्रोल वाढतं. बस, एवढंच. हवी तेवढी हवा, आणि हवेच्या मापाने पेट्रोल. पिस्टनच्या नळीत वरून थोडं तेल घालायचं असतं, म्हणजे पाय एकदम दाबला तरी तो उडी मारत नाही.

मिश्रण जुळवायला यंत्र लागत नाही. कार्ब्युरेटरखाली एक छोटी खिळी आहे, ती बोटाने दाबून पिस्टन जेमतेम पाऊण मिलिमीटर उचलायचा आणि ऐकायचं. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त. पडला, बंद व्हायला आला तर कमी. किंचित वाढून पुन्हा जागेवर आला की जमलं. आणि दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतात का, हे बघायला रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं पहिल्याच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. दोन्हीकडचा फुसफुसाट एकाच सुरात आला पाहिजे. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जुळवणाऱ्याला हे सांगायची गरज नाही.

माझा सूर जुळला, पण मागून एक टिकटिक येत राहिली. मी पिस्टन, बेअरिंग, सगळ्याला संशयित ठरवून मोकळा झालो. शेवटी काकांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन इंजिनाजवळ धरला. आयुष्यभर अॅम्बेसेडर उघडलेला माणूस, आता गुडघ्यांमुळे घरी.

"आरं बंद कर, बंद कर. टपेट वाजतंय ते. मला वाटलं लई मोठं काय झालं."

"पण काका, मी सगळे पंधरा थाऊला लावलेत."

"कसं लावलंस? येडा का खुळा तू? नवाचा हिशेब घातलास का?"

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आणि नवाचा हिशेब असा. आठ व्हॉल्व्ह, पुढून एक ते आठ. ज्याचा गाळा मोजायचा तो पूर्ण मोकळा हवा, आणि तो नक्की मोकळा असतो जेव्हा त्याचा जोडीदार पूर्ण दाबलेला असतो. जोडीदाराचा नंबर काढायचा सोपा मार्ग: दोघांची बेरीज नऊ. एक लावायचा तर आठ दाबलेला, तीन लावायचा तर सहा. इंग्रजी पुस्तकात हे होतं. मी ते पान उलटून गेलो होतो. काकांनी ते कुणाकडून ऐकलं ते त्यांनाही आठवत नाही. मी फोन रेडिएटरवर टेकवून ठेवला आणि इंजिन हाताने फिरवत गेलो, काका तिकडून मोजत गेले. "आठ दाबला? मग एक बघ." चार नंबरच्या व्हॉल्व्हला फीलर गेजची पट्टी सहज आत-बाहेर होत होती. ती जरा घासत निघेल इतका स्क्रू आवळला, नट घट्ट केला. त्या नटाला लागलेला पाना चार सुताचा होता.

टिकटिक गेली. काकांनी गाडी सगळीकडून दाखवायला लावली. बॉनेट, सीटमागच्या सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, तारांची चाकं, ज्यांचे नट शिशाच्या किंवा तांब्याच्या हातोडीनेच ठोकायचे असतात. १९७४ नंतर अमेरिकन नियमांपायी या गाडीला काळ्या रबराचं थोबाड बसवलं, त्याचा फोटो मी आधी पाठवला होता. माझीला अजून क्रोमचा बंपर आहे हे बघून त्यांनी समाधानाने मान हलवली. मग एकच प्रश्न विचारला.

"दारं लागतात का नीट?"

"लागतात," मी म्हणालो, आणि उजवं दार लावून दाखवलं. डाव्या दाराची फट वरच्या टोकाला अजून दोन मिलिमीटर जास्त आहे. फोन मी त्या बाजूला फिरवला नाही.