सुईपासून सतरंजीपर्यंत

ख्याल अजून सुरू व्हायचा होता. तबकडी फिरू लागली, तानपुरे भरून आले आणि दोन-चार छेडींतच कळलं, की षड्ज जागेवर राहत नाही. किंचित खाली उतरतो, पुन्हा वर येतो. तबला सुरू झाला असता, बंदिशीचे शब्द आले असते, तर हा दोष झाकला गेला असता. तानपुरा काहीच झाकत नाही. म्हणून जुना रेकॉर्ड प्लेअर तपासायचा असेल तर आधी तानपुऱ्याचा तुकडा लावावा, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो.

हा प्लेअर माझ्या काकांचा. गॅरार्ड ४०१. इंग्लंडमधल्या स्विंडन गावी १९६५ पासून हे मॉडेल बनू लागलं. काकांनी ते सत्तरच्या दशकात तिकडून आणलं आणि सुताराकडून त्याला सागवानी पेटी करून घेतली. पुढे कॅसेट आली, सीडी आली आणि पेटी माळ्यावर गेली. मी ती खाली उतरवली तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला सापडला. काकांच्या अक्षरात त्यावर तारखा होत्या : सुई बदलली, तेल घातलं, वजन पाहिलं.

तोवर मला सल्ले मिळाले होते ते नव्या खरेदीचे. अ‍ॅम्प्लिफायर बदला, स्पीकर बदला. पण मिरजेत तानपुऱ्याची जवारी लागताना मी पाहिली आहे. घोडीवर तारेखाली ठेवलेला सुती दोरा कारागीर केसभर पुढे-मागे सरकवतो आणि मुकी तार बोलू लागते. तार तीच असते, भोपळाही तोच. काकांचा कागद वाचताना ते दृश्य आठवलं आणि ठरवलं, की आधी जवारी लावायची, मग दुकानाची पायरी चढायची.

आधी फिरणं

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. सूर बरोबर तेवढ्या अंतराने हलत असेल तर संशय तबकडीवर घ्यावा, तिचं भोक मध्यातून सरकलेलं असतं. माझ्याकडे हेलकावा त्याहून जलद होता आणि प्रत्येक तबकडीवर होता. म्हणजे खोट यंत्रात.

गॅरार्डमध्ये मोटरच्या दांड्यावरची पुली एका रबरी चाकाला फिरवते आणि ते चाक आतून थाळीच्या कडेला घासून थाळी फिरवतं. या चाकाला आयडलर म्हणतात. वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून राहिलं तर त्याला चपटा डाग पडतो आणि रबर दगडासारखं होतं. मी चाक बदललं, पुली आणि थाळीची आतली कड स्पिरिटने पुसली, बेअरिंगमधलं गोंदासारखं झालेलं तेल काढून नवं घातलं. निम्मा आजार तिथेच गेला.

वेग पाहायला महागडं उपकरण लागत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावर चालणारा निऑन दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो. १८० रेघांची कागदी चकती थाळीवर ठेवून त्या उजेडात पाहिली, की ३३⅓ च्या अचूक वेगाला रेघा स्थिर दिसतात. पुढे सरकल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली हे दिसत नाही. अमेरिकेतून आणलेल्या यंत्रांबाबत एक खबरदारी घ्यावी. ट्रान्सफॉर्मर लावून ११० व्होल्ट देता येतात, पण ६० हर्ट्झसाठी बनवलेली मोटर ५० वर हळूच फिरते. अशा वेळी पुली बदलावी लागते.

आयडलरच्या प्लेअरची मोटर दणकट असते आणि तिची घरघर सुईपर्यंत पोचते. त्यावर उपाय वजनाचा. ओट्याच्या कामातून उरलेला जाड कडप्पा मी पेटीखाली घातला, स्पिरिट लेव्हल ठेवून चारही बाजूंनी समतल केला. घरघर बरीच खाली बसली.

मग टेकणं

सगळ्या साखळीत सुईची जागा पहिली. खाचेतून जे उचललं गेलं नाही, ते पुढचं कोणतंही यंत्र परत आणू शकत नाही. म्हणून खर्च करायचाच असेल तर पहिला रुपया सुईवर करावा. पुष्कळदा सुई धरणारं कार्ट्रिज चांगलं असतं, फक्त सुईचा भाग बदलला तरी पुरतं. गोल टोकाच्या सुईपेक्षा लंबगोल टोकाची सुई बारीक वळणं नीट वाचते.

सुईचं वजन हा पुष्कळांच्या घरचा गैरसमज आहे. हलकी सुई तबकडी वाचवते असं वाटतं. खरं तर वजन कमी पडलं, की सुई खाचेत उडते आणि भिंतींना ओरखडे काढते. कार्ट्रिज बनवणाऱ्याने सांगितलेलं वजन, बहुतेकदा दीड ते दोन ग्रॅम, छोट्या काट्यावर मोजून ठेवावं.

आता सगळ्यात नाजूक काम. तबकडी कोरणारी सुई सरळ रेषेत सरकते, आपला आर्म मात्र एका खिळीभोवती फिरतो. त्यामुळे कार्ट्रिज खाचेशी पूर्ण जुळतं ते दोनच ठिकाणी, केंद्रापासून सुमारे ६६ आणि १२१ मिलिमीटरवर. छापील प्रोट्रॅक्टर थाळीवर ठेवून, स्क्रू सैल करून, कार्ट्रिज या दोन्ही बिंदूंवर सरळ बसवायचं. एक संध्याकाळ जाते, पण ती सत्कारणी लागते. कारण एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटीने लिहिलेला असतो. आपल्या मैफलीची मांडणी पाहा : बाहेर संथ आलाप, आत द्रुत आणि तानांचा वर्षाव. म्हणजे गवयाचा कस लागतो तिथेच सुईचाही लागतो. शेवटच्या ताना फाटत असतील तर दोष बहुधा या जुळणीत असतो.

घरी ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांना वेगळी सुई हवी. त्यांची खाच रुंद असते. एलपीची सुई तिच्या तळाशी धुळीत लोळते आणि खरखरच जास्त वाचते.

आवाज मोठा होताना

कार्ट्रिजमधून साधारण ५ मिलिव्होल्ट एवढाच संकेत येतो. शिवाय तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम दाबतात, नाहीतर खाचा एकमेकींत शिरतील, आणि वरचे स्वर वाढवतात. २० हर्ट्झ आणि २० किलोहर्ट्झ या टोकांत सुमारे ४० डेसिबलची तफावत पडते. ती उलटी फिरवण्याचं काम अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘फोनो’ जागेचं. प्लेअर ‘ऑक्स’मध्ये जोडला तर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो तो यामुळे.

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला माळ्यावरून काढून थेट प्लगमध्ये खुपसू नये. त्यातले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वाळलेले असतात. वायरमनकडे असतो तसा सिरीज बोर्ड, १०० वॉटचा साधा दिवा लावून, मध्ये ठेवावा. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. पुढचं काम जाणत्या मेकॅनिकचं, कारण प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरला नवे कपॅसिटर लागले आणि व्हॉल्यूमची खरखर क्लीनरने गेली. सतत गुणगुण येत होती, ती प्लेअरची अर्थिंगची तार जोडताच थांबली.

शेवटी खोली

स्पीकरच्या कडेचा फोम आपल्या दमट हवेत भुगा होतो, पण शंकू शाबूत असेल तर कड नवी बसवता येते. दोन्ही स्पीकरच्या लाल-काळ्या तारा एकसारख्या जोडल्या आहेत ना, हे पाहावं. एक जरी उलटी असली तरी डग्ग्याचा भरीवपणा नाहीसा होतो. मग दोन स्पीकर आणि आपली खुर्ची यांचा समभुज त्रिकोण करावा. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढावेत, उंच स्वरांचा छोटा स्पीकर कानाच्या पातळीत आणावा. आमच्या फरशीच्या खोलीत आवाज उघडा पडत होता. समोर जाड सतरंजी अंथरली, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लावलं आणि गाणं खोलीत बसलं.

हे सगळं करायला तीन महिने गेले. एका पहाटे तीच तबकडी पुन्हा लावली. तानपुरे भरून आले. दोन छेडी झाल्या, दहा झाल्या, षड्ज जागचा हलला नाही. मग द्रुत आली, लेबलाजवळची शेवटची तान मोत्यांच्या सरीसारखी मोकळी उतरली, एकेक दाणा वेगळा. मी सुई उचलली, झाकणाच्या आत काकांच्या शेवटच्या नोंदीखाली तारीख घातली आणि लिहिलं : चाक बदललं, तेल घातलं, सुई नवी, वजन १.८ ग्रॅम. खाली बरीच जागा कोरी आहे.