दुरुस्तीनंतरची नादुरुस्ती

माळेगाव बुद्रुकच्या सहकारी साखर कारखान्यावर गाळपाचा हंगाम सुरू झाला, की उसाने लादलेली वाहने काट्यावर चढू लागतात. आधी भरल्या वाहनाचे वजन होते, ऊस गव्हाणीत रिता झाल्यावर रिकाम्या वाहनाचे. आणि या दोन आकड्यांतील फरक तो शेतकऱ्याचा ऊस. काट्याची पावती हाती पडल्यावाचून शेतकरी जागचा हलत नाही. वजनाचे वाद त्यामुळे मिटतात असे नव्हे. महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात ते वर्षानुवर्षे चालत आले आहेत. परंतु वाद घालावयास निदान एक कागद हाती असतो. हाच शेतकरी आपली पाच-सात लाखांची गाडी सर्व्हिसिंगला देतो तेव्हा किल्ली पुढे करतो, "जरा नीट बघा" एवढे म्हणतो आणि एसटीने गावी परततो. पावती मागण्याचे त्याच्या मनातही येत नाही.

पुढचा प्रसंग कोणत्याही गावी घडावा असा आहे. गाडी घरी येते, चार दिवस चालते आणि पाचव्या दिवशी इंजिन जाम होते. ऑइल बदलताना चेंबरचा नट सैल राहिला, असे मालक म्हणतो. खालून दगड लागला असेल, आणि ऑइलचा लाल दिवा पेटल्यावरही गाडी हाकली असेल, असे मेकॅनिक म्हणतो. दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता आहे. पण भुर्दंड एकालाच बसतो, आणि तो बहुधा मालकाला. कारण गाडी त्याच्या दारात उभी असते. त्या गाडीवर डेअरीचे दूध जात असेल, तर दुरुस्तीच्या खर्चात रोजच्या खाड्याची भर पडते.

या वादाच्या मुळाशी एक जुने तर्कदोषाचे उदाहरण आहे. कावळा बसला आणि फांदी मोडली, म्हणून फांदी कावळ्यानेच मोडली असे ठरत नाही. ती आधीच किडलेली असू शकते. सर्व्हिसिंगनंतर बिघाड झाला, म्हणजे सर्व्हिसिंगमुळेच झाला, असा निष्कर्ष म्हणूनच टिकत नाही. आठ-दहा वर्षे चाललेल्या गाडीचा पट्टा किंवा रबरी नळी कधीतरी तुटणारच. उलटपक्षी प्रत्येक बिघाड "गाडी जुनी आहे" या एका वाक्याने झटकून टाकणेही तितकेच चूक आहे. गाडी गॅरेजच्या ताब्यात असताना पडलेला ओरखडा, कामातील हयगयीमुळे झालेले नुकसान आणि वयोमानाने आलेली झीज या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची जबाबदारी सकृद्दर्शनी गॅरेजची, तिसरीची मालकाची. खरा झगडा असतो तो दुसरी आणि तिसरी यांच्यातील सीमारेषेवर.

अर्थशास्त्राने या व्यवहाराची दखल फार पूर्वी घेतली आहे. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली अशा सेवांचे विवेचन केले, की ज्यांचा दर्जा ग्राहकाला सेवा घेतल्यानंतरही सहजी कळत नाही. मोटारदुरुस्ती हे त्यातील ठळक उदाहरण होय. भाजी कडू निघाली तर जिभेला कळते; पण ब्रेकचे लायनर खरोखर बदलायला हवे होते काय, आणि बदलले काय, हे चालवणाऱ्याला कळत नाही. ज्ञान एका बाजूला, पैसा आणि धोका दुसऱ्या बाजूला, अशी ही विषम वाटणी आहे. अशा बाजारात प्रामाणिक कारागिराचेही नुकसान होते. कारण त्याचा प्रामाणिकपणा ग्राहकाला दिसत नाही आणि चांगल्या कामाचा योग्य दाम त्याच्या पदरी पडत नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार दुरुस्तीसाठी दिलेली गाडी हा निक्षेप, म्हणजे साध्या भाषेत अमानत, ठरतो. सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी काळजी गॅरेजने घेतली पाहिजे, असे कलम १५१ सांगते. त्याच कायद्याचे कलम १७० गॅरेजला कामाची मजुरी मिळेपर्यंत गाडी ताब्यात ठेवण्याचा हक्कही देते. म्हणून बिलाबद्दल तक्रार असल्यास लेखी हरकत नोंदवून पैसे भरणे आणि मग दाद मागणे, हाच शहाणपणाचा मार्ग.

"गाडी मालकाच्या जोखमीवर" ही पाटी अनेक ठिकाणी दिसते. तिची मातब्बरी किती, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली एका मोठ्या हॉटेलच्या प्रकरणात दिले. पाहुण्याने किल्ली हॉटेलच्या माणसाकडे सोपवली होती आणि गाडी चोरीस गेली. ताबा घेतल्यावर नुकसान आपल्या हयगयीमुळे झाले नाही हे दाखविण्याची प्राथमिक जबाबदारी ताबा घेणाऱ्याची आहे. पावतीवरील छापील ओळीमुळे त्याची सुटका होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. हे तत्त्व गॅरेजला लागू न होण्याचे कारण नाही. गॅरेजच्या माणसाच्या हातून तिसऱ्यालाच इजा झाली तर काय, हा प्रश्न गोव्यातील एका प्रकरणात उद्भवला होता. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मालकाच्या विमा कंपनीवर भरपाईची जबाबदारी टाकली. सारांश, गाडी गॅरेजमध्ये सोडली म्हणजे विम्याची चिंताही तेथेच सोडता येते असे नाही.

दाद मागण्याची सोय आता पूर्वीपेक्षा सुलभ आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा ग्राहकासाठी वेगळा कायदाच नव्हता. तो १९८६ मध्ये आला, आणि त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. सेवेसाठी मोजलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीस शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेली सेवाही या कायद्याच्या कक्षेत येते, ही दूध वाहणाऱ्या गाडीच्या मालकाला दिलासा देणारी बाब होय. तरीही पाच-सहा हजारांच्या वादासाठी माळेगावच्या माणसाने पुण्यातील जिल्हा आयोगाशी तारखा जुळवीत बसावे, ही गोष्ट व्यवहारात परवडणारी नाही. शिवाय आयोगापुढेही शेवटी पुरावाच लागतो. आणि पुरावा तर किल्ली देतानाच हातचा गेलेला असतो.

म्हणून उपाय न्यायालयात नव्हे, गॅरेजच्या दारात शोधावयास हवा. कार्बन लावलेल्या वहीत चार ओळी पुरेत: गाडी किती किलोमीटर चालली आहे, आधीचे ओरखडे कोठे आहेत, मालकाची तक्रार काय, मेकॅनिकला आढळलेले पण न केलेले काम कोणते. गाडी परत नेताना तीच यादी पुन्हा तपासावी, बदललेले जुने भाग मागून घ्यावेत आणि दोघांनी सह्या कराव्यात. मोबाइलवर चार बाजूंची छायाचित्रे घ्यावयास तर पैसाही पडत नाही. छोट्या गॅरेजवाल्याला ही कटकट वाटेल. पण "पट्टा झिजला आहे, बदलण्यास मालकाचा नकार" ही एक ओळ उद्या त्यालाच वाचवील. ज्याला यंत्र कळते त्यानेच ते कागदावर उतरवावे, कारण त्याला ते सर्वांत कमी श्रमात जमते.

ओळखीच्या माणसाकडे पावती कशी मागावी, हा संकोच या साऱ्याच्या आड येतो. पण कारखाना सभासदांचा स्वतःचा असूनही काट्यावर कोणी संकोच करीत नाही. तेथे दोन वजने होतात म्हणूनच मधला ऊस कोणाचा हे सांगता येते. गाडीचेही असे दोनदा मोजमाप झाले, तर मधल्या काळात झालेले नुकसान कोणाच्या नावावर मांडावयाचे, हे ठरविताना दोन शेजाऱ्यांना एकमेकांच्या सचोटीवर बोट ठेवण्याची पाळी येणार नाही.