घर पाहावं... शिंपल्यासाठी!

जागा शोधणं म्हणजे काय ताप असतो, हे मुंबई-पुण्यात भाड्याच्या फ्लॅटसाठी वणवण केलेल्यांना सांगायला नको. ऊन येतं का? वारा खेळतो का? शेजारी कसे आहेत? रीफ टँकमधल्या क्लॅमचे प्रश्नही अगदी हेच. फरक एवढाच, की तो बोलून दाखवत नाही! आपल्या ताटातल्या तिसऱ्यांचा हा लांबचा भाऊबंद, नाव ट्रायडॅक्ना. निळ्या-हिरव्या-जांभळ्या मखमली झालरीचा एकदम स्टायलिश शिंपला.

आधी एक खुलासा. लक्षद्वीपच्या समुद्रात आढळणाऱ्या मॅक्झिमा आणि स्क्वामोसा या जातींना आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. त्यामुळे इथे कुणी ‘आणून देतो ना’ म्हणालं, तर सरळ नाही म्हणा. पण ऑनसाइटवर अमेरिकेत किंवा जर्मनीत असाल, तर तिथल्या दुकानांत हॅचरीत वाढवलेला क्लॅम कायदेशीरपणे मिळू शकतो.

आता मुख्य फंडा. क्लॅमच्या झालरीत सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि घरमालकाला भाडं म्हणून त्यातला वाटा देतं. म्हणजे उजेड हाच क्लॅमचा डबा! क्रोशिया आणि मॅक्झिमाला भरपूर उजेड लागतो. त्यांची जागा वरच्या खडकावर, छोट्याशा खळग्यात. डेरासा तळाच्या वाळूवर खूश. स्क्वामोसालाही तळ चालतो. पण टँक छोटा असेल तर डेरासाचा मोह टाळा, तो दीड-दोन फुटांपर्यंत वाढतो.

टँकही मुरलेला हवा, निदान सहा महिने जुना. तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम आणि खारटपणा स्थिर. पाणी हलतं असावं, पण पंपाचा झोत थेट झालरीवर नको. एंजलफिश आणि बटरफ्लायफिश झालरीचे लचके तोडू शकतात, तेव्हा शेजारीही पारखून घ्या.

गृहप्रवेशाच्या दिवशी घाई नको. पिशवी पंधरा-वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा. मग तासभर थेंबाथेंबाने टँकचं पाणी मिसळा. शिंपल्याच्या तळाशी, विशेषतः रात्री, तांदळाएवढ्या पांढऱ्या गोगलगायी दिसतात का ते बघा. त्या क्लॅमचा रस शोषतात. दिसल्या तर मऊ ब्रशने काढून टाका. पहिले काही दिवस दिवे मंद ठेवा आणि हळूहळू वाढवा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. क्लॅम तळाच्या फटीतून बारीक, चिवट धागे सोडतो आणि खडकाला घट्ट धरतो. एकदा धरलं की ओढायचं नाही! ओढलंत तर धाग्यांबरोबर आतला नाजूक अवयव फाटतो आणि क्लॅम दगावू शकतो. हलवणं अगदीच भाग असेल, तर धागे खडकालगत ब्लेडने अलगद कापा. त्याहून सोपी युक्ती म्हणजे सुरुवातीलाच त्याला एका लहान चपट्या दगडावर बसवा. उद्या जागा बदलायची वेळ आली, तर दगडासकट उचलता येईल.

क्लॅम रुळला हे कसं ओळखायचं? झालर पूर्ण पसरते. तिच्या कडेला शेकडो इवलेसे डोळे असतात, त्यामुळे तुमची सावली पडली की ती झटकन मिटते. काही आठवड्यांनी शिंपल्याच्या कडेला नव्या वाढीची पांढरी रेघ दिसू लागते. उलट तोंड सताड उघडं आणि झालर आत गेलेली दिसली, तर धोक्याची घंटा! लगेच पाणी तपासा.

थोडक्यात काय, तर विचार क्लॅम आणायच्या आधी करा, नंतर हात खिशात ठेवा. ‘इथे नको, थोडा डावीकडे छान दिसेल’ हा सोफ्याचा हिशेब इथे चालत नाही. नीट बसवलेला क्लॅम वर्षानुवर्षं साथ देतो. तुम्ही मात्र तोवर चार फ्लॅट बदललेले असाल!