कमरेचा कसा आणि मांडीची आग

दिवाळी झाली, मोंढ्यात कापसाच्या गाड्या लागल्या, की माझ्या दवाखान्यात एक ठराविक तक्रार घेऊन रुग्ण येऊ लागतात. "डॉक्टरसाहेब, मांडीला चटका बसल्यासारखे होते." दुखणे मांडीच्या बाहेरच्या अंगाला, पँटच्या खिशाच्या जरा खाली. तळहाताएवढ्या जागेत आग होते, मुंग्या येतात, कधी ती जागा बधिर होते, आणि कपडा घासला तरी नकोसे वाटते. पाय मात्र खणखणीत असतो. जिना चढता येतो, मोटारसायकलची किक मारता येते. रुग्ण बहुधा पन्नाशीच्या आसपासचा, पोट थोडे सुटलेला आणि रोखीच्या व्यवहारातला माणूस.

अशा माणसाला कोणी सायटिका सांगतो, कोणी वात, कोणी साखरेचा परिणाम. दोन वर्षांपूर्वी आलेल्या एका आडत्यांनी कमरेचा फोटो काढून दोन महिने मणक्याच्या गोळ्या घेतल्या होत्या. मी त्यांना टेबलावर आडवे व्हायला सांगितले तेव्हा ते घुटमळले. बरोबर आलेल्या मुनिमाला त्यांनी बाहेर बसायला सांगितले, दार लोटून घेतले आणि मग शर्ट वर केला. बनियनखाली एक अरुंद रेक्झिनचा पट्टा आवळलेला, त्याला पुढे उजवीकडे एक जाड पिशवी. पट्टा सोडल्यावर कातडीवर बोटभर खोल चर दिसला. तो चर बरोबर कमरेच्या पुढच्या हाडावरून गेला होता आणि आग होत होती ती उजवीच मांडी. फोटोत काही न सापडण्याचे कारण तेच. दुखणे मणक्यात नव्हतेच.

कमरेला पैसा लावणे ही आपल्याकडची जुनीच रीत. आजोबांच्या पिढीत पानाची चंची कमरेला असे, नाणी धोतराच्या कनवटीला, आणि जोखमीची रक्कम कापडी कशात घालून पोटाशी बांधलेली. पंढरीला जाणारे वारकरी आणि रात्रीच्या रेल्वेने मालाचे पैसे आणणारे व्यापारी आजही काही ना काही कमरेला बांधतातच. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय आली, तरी मोंढ्यातून रोख काही अजून गेलेली नाही. आणि खिसा कापला जातो, पिशवी हिसकली जाते, अंगाशी बांधलेले सहसा जात नाही, हा हिशेबही खोटा नाही. तेव्हा कसा बांधू नका, असे मी सांगणार नाही. कसा बांधावा, एवढेच सांगायचे आहे.

मांडीच्या बाहेरच्या कातडीला संवेदना देणारी एक नस आहे. ती पोटातून खाली येताना कमरेच्या पुढच्या टोकदार हाडाजवळ, जांघेतल्या एका ताठ बंधाखालून निघते. चालताना पँट जिथे अडकून राहते तेच हे हाड, आपले आपल्याला बोटाने चाचपता येते. या चिंचोळ्या वाटेत नसेवर बाहेरून पट्ट्याचा आणि आतून पोटाचा दाब आला, की ती चिमटते. ही नस फक्त संवेदनेची आहे, स्नायू हलवण्याचे काम तिच्याकडे नाही, म्हणून ताकद जात नाही. जर्मनीतील डॉ. बर्नहार्ट यांनी हे दुखणे 1878 साली नोंदवले आणि मॉस्कोच्या डॉ. रॉथ यांनी 1895 साली त्याला मेराल्जिया असे नाव दिले. त्याच वर्षी मनोविश्लेषणाचे प्रसिद्ध डॉ. फ्रॉइड यांनी या दुखण्यावर लेख लिहिला, कारण ते खुद्द त्यांनाच झाले होते! गरोदरपणात, वजन वाढल्यावर आणि मधुमेहात ही नस लवकर कुरकुरते. बहुतेकांना दाब काढल्यावर काही आठवड्यांत, काहींना काही महिन्यांत आराम पडतो. आमच्या आडत्यांचे दुखणे संक्रांतीपर्यंत गेले, तेही गोळ्यांशिवाय.

आता खरी गोम. माणूस पट्टा इतका का आवळतो? वजन खाली सरकू नये आणि शर्टावर फुगवटा दिसू नये, म्हणून. पण आवळल्याने फुगवटा लपत नाही. उलट पोट वर-खाली फुगते आणि मधली पिशवी अधिकच उठून दिसते. वस्तू लपते ती चपटेपणाने, आणि वजन सावरले जाते ते पट्ट्याच्या रुंदीने. पाचशेच्या 1000 नोटा, म्हणजे पाच लाख रुपये, किलोच्या थोडे वर भरतात. हे वजन दोन बोटे रुंदीच्या पट्टीवर टांगले तर ती पट्टी कातडीत रुतणारच. तेच चार बोटे रुंदीच्या पट्ट्यावर विभागले तर निम्म्या दाबात भागते.

पट्टा घेताना त्याची धार आधी पाहावी. अंगठ्याने कड दाबून बघा. कडक व टोकदार असेल तर बसताना तीच पोटात शिरते. आतून मऊ सुती अस्तर आणि कड दुमडून शिवलेली असावी. मात्र पट्टा अगदीच लुळा नको, तो वजनाने वळकटी होऊन दोरीसारखा होतो, आणि मग रुंद घेऊन उपयोग काय? आडवा धरला तर थोडा ताठ राहील, पण पोटाभोवती सहज वळेल, इतका जाडपणा पुरे. बक्कल चपटे असावे आणि ते बेंबीवर न येता बाजूला यावे. छिद्रे जवळजवळ हवीत, कारण सकाळचे पोट आणि जेवणानंतरचे पोट एकाच मापाचे नसते. दुकानात नुसत्या पोटावर माप घेऊ नका. पिशवीत रोजच्याइतके ओझे भरा, रोजचे कपडे घाला आणि मगच पट्टा लावून बघा. लावल्यावर दोन बोटे सहज आत गेली पाहिजेत. मग मांडी घालून बसा, उकिडवे बसा, वाकून चपलेला हात लावा. उभ्याने छान बसणारा पट्टा गादीवर बसून हिशेब लिहिताना छळतो, आणि आपल्याकडची कामे निम्मी खाली बसूनच होतात. बाजारात मनासारखा मिळाला नाही, तर चपलांच्या कारागिराकडून शिवून घ्यावा. अंगाच्या मापाने शिवलेल्या पट्ट्याची सर तयार मालाला येत नाही.

पिशवी एक जाड नको, दोन चपट्या असाव्यात, दोन्ही बाजूंना, पुढच्या हाडाच्या मागे. अगदी पाठीच्या मधोमध कठीण वस्तू बांधू नये. घसरून पडलात तर मार थेट मणक्यावर बसेल. साध्या वेशातल्या पोलिसांना किंवा रीतसर परवाना घेऊन हत्यार बाळगणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. कानपूरच्या कारखान्याने 2014 साली महिलांसाठी म्हणून काढलेले 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर हलके म्हणवले गेले, तरी ते 500 ग्रॅमचे आहे, आणि एका बाजूला अर्धा किलो घेऊन दिवसभर वावरणारा माणूस नकळत दुसऱ्या बाजूला कलतो. (मागच्या खिशातले फुगलेले पाकीटही निरुपद्रवी नाही. त्यावर तासन् तास बसून होणारी पायाची कळ अमेरिकेतील डॉक्टरांनी 1978 सालीच नोंदवून ठेवली आहे.)

जेवणानंतर छातीत जळजळ होते, अशी तक्रार करणाऱ्या माणसालाही मी हल्ली आधी पट्टा विचारतो, मग तिखट. ग्लासगोच्या डॉक्टरांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धडधाकट माणसांच्या कमरेला घट्ट पट्टा बांधला, तर जठरातले आम्ल अन्ननलिकेत वर सरकत असल्याचे दिसले. भाकरी-ठेचा बिचारा उगाच बदनाम होतो.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळीच. आपल्या जिल्ह्यात पारा 40 च्या पुढे जातो तेव्हा रेक्झिनखालचा घाम वाळतच नाही. तिथे गजकर्ण हमखास उठते, आणि लोक औषधाच्या दुकानातून लालसर नळीतले मलम आणून चोळतात. त्यात बहुधा स्टेरॉइड असते. खाज दोन दिवस थांबते आणि गजकर्ण कमरभर पसरते. अशी मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असे सरकारने 2018 साली ठरवले, पण ती मिळतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पट्टा बनियनच्या वर बांधावा, कातडीला लावू नये. कापडी असेल तर तो आठवड्यातून दोनदा धुऊन कडक उन्हात वाळवावा. त्यासाठी दोन पट्टे हवेत. बेंबीखाली बक्कलच्या आकाराचा काळा, खाजरा डाग असेल, तर ती बहुधा बक्कलमधल्या निकेलची अॅलर्जी आहे. बक्कलमागे कापडाचा तुकडा शिवावा किंवा बक्कल बदलावे.

आमच्या माता-भगिनी हे सारे वाचून म्हणतील, पट्टा पुरुषांचा, आम्हाला काय? पण परकराच्या नाडीला बटवा आणि किल्ल्यांचा जुडगा अडकवणाऱ्या कितीतरी आहेत, आणि त्या भाराने साडी सुटू नये म्हणून नाडी आणखी आवळली जाते. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी 1945 सालीच धोतराच्या गाठीच्या जागी होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले होते. साडीच्या नाडीखालीही तो आढळला. 2024 साली वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या डॉक्टरांनी अशा दोन वयस्क स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यातील एक चाळीस वर्षे परकराशिवाय लुगडे कमरेला घट्ट नेसत होत्या. हा कर्करोग विरळा आहे, घाबरून जायचे कारण नाही. पण वर्षानुवर्षे एकाच रेषेत घासलेली कातडी आधी काळवंडते, मग खरबरीत होते, आणि क्वचित तिथे न भरणारी जखम होते. नाडीऐवजी तीन-चार बोटे रुंद पट्टी शिवून घ्यावी, गाठीची जागा रोज बदलावी, घरी असताना सैल कपडे वापरावेत, आणि किल्ल्या पर्समध्ये किंवा पोलक्याच्या आतल्या खिशात ठेवाव्यात. कमरेवरची जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर हळद लावत बसू नये. सर्जनकडे जाऊन तिचा छोटा तुकडा तपासून घ्यावा. कंबर दाखवायची लाज वाटते म्हणून बायका वर्ष-वर्ष काढतात. अशा वेळी सोबत सुनेला किंवा लेकीला घेऊन जावे, आणि स्त्री डॉक्टर हवी असेल तर तसे सांगावे.