मूल होत नाही? नवऱ्याचीही तपासणी हवी

पेरलेले उगवले नाही तर आपण जमिनीबरोबर बियाणेही तपासतो. घरात पाळणा हलला नाही की मात्र सारा दोष सुनेच्या माथी! हे बरोबर नाही. अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडेही काही कारण असते.

त्यांतले बरे होण्याजोगे नेहमीचे कारण म्हणजे व्हेरिकोसील, म्हणजे वृषणावरच्या शिरा फुगणे. १०० पुरुषांत सुमारे १५ जणांना हे असते. मूल न होणाऱ्या पुरुषांत ३५ ते ४० जणांना. शिरांतील झडपा नीट मिटत नाहीत, रक्त तुंबते, वृषणाची उष्णता वाढते आणि शुक्रजंतू कमी व दुबळे होतात. हे बहुधा डाव्या बाजूस होते. उभे राहिल्यावर गांडुळांचा पुंजका असावा तसे हाताला लागते. आडवे होताच कमी होते.

उपाय शस्त्रक्रियेचा. १९५५ साली एडिंबरोचे डॉ. टलक यांनी तिचे निष्कर्ष छापले. जांघेत लहानसा छेद घेऊन फुगलेल्या शिरा बांधतात, धमनी राखतात. सूक्ष्मदर्शकाखाली केल्यास पाणी साठण्याचा व दुखणे उलटण्याचा धोका कमी. नंतर काही आठवडे पोती उचलू नयेत.

शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून वीर्यतपासणी तीन महिन्यांनी करावी. पुष्कळांना गुण येतो, पण मूल होईलच अशी हमी नाही. शिरा हाताला लागत नसतील किंवा वीर्य निर्दोष असेल, तर शस्त्रक्रिया नको.

वर्षभरात दिवस राहिले नाहीत तर लाज न धरता दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे.