वॉटसनच्या इमारतीचे भाडेकरू

मुंबईत काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन नवख्या माणसाला मोडकळीला आलेली चाळच वाटते. मुळात हे वॉटसन हॉटेल. जॉन वॉटसन कापडाचा व्यापारी. किल्ल्याचे तट पाडल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत त्याने भूखंड घेतला तो नव्या दुकानासाठी. हॉटेलचा बेत नंतरचा. आराखडा रोलंड ऑर्डिश या अभियंत्याचा. ओतीव लोखंडाचे खांब इंग्लंडात घडले, जहाजाने आले आणि इथे जोडले गेले. हॉटेल 1871 मध्ये सुरू झाले.

1896 च्या जानेवारीत मार्क ट्वेन इथे उतरला. सज्जाच्या कठड्यावर येऊन बसणाऱ्या कावळ्यांवर त्याने पुढे प्रवासवर्णनात मनापासून लिहिले. त्याच वर्षी 7 जुलैला ऑस्ट्रेलियाला निघालेल्या मारियस सेस्टिएने ल्युमिएर बंधूंची चलचित्रे याच इमारतीत दाखवली, तिकीट 1 रुपया. हिंदुस्थानात पडद्यावर हललेली ही पहिली चित्रे. हॉटेल गोऱ्यांचे होते. आठवडाभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, तेव्हा इतरांनाही ते पाहता आले.

हॉटेल बंद पडल्यावरची कथा मला जास्त महत्त्वाची वाटते. 1960 च्या दशकात प्रशस्त दालनांचे तुकडे पाडून खोल्या काढल्या गेल्या. एकीत बिऱ्हाड, शेजारी वकिलाचे ऑफिस, खाली दुकान. कोर्ट जवळ, त्यामुळे वकिलांना जागा सोयीची. प्रत्येकाने आपल्यापुरते पार्टिशन घातले, पोटमाळा चढवला, पाण्याची टाकी बसवली. हा सगळा भार जुन्या सांगाड्यावर पडला. भाडे मात्र 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठलेले. त्या पैशात मालक रंगही देऊ शकत नव्हता आणि भाडेकरूला खर्च करावा असे वाटत नव्हते. पावसाचे पाणी मुरत राहिले, लोखंड गंजत गेले. 2005 मध्ये सज्जांचा भाग कोसळला आणि एकाचा जीव गेला. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातल्या धोक्यातल्या 100 वारसास्थळांच्या 2006 च्या यादीत इमारतीचे नाव घातले. 2019 मध्ये भाडेकरूंना बाहेर काढण्यात आले. आयआयटी मुंबईच्या अहवालाने पाडण्याची शिफारस केली, वारसाप्रेमींनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले.

लोक राहायला आले म्हणून इमारत खचली असे मी म्हणणार नाही. माणसे राहती असली तर वास्तू टिकते. इथे छप्पर, गटार आणि खांब यांची जबाबदारी कुणा एकाची उरली नाही, तिथे घात झाला.

शिरूर-दौंडच्या पेठांत जुन्या दुकानांवर घरे काढू पाहणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे: भिंती घालण्याआधी अभियंत्याकडून सांगाडा तपासून घ्या, आणि दुरुस्तीचा वाटा भाडेकरारात पहिल्या दिवशीच लिहून ठेवा.