तीन पडद्यांवरील संगणक-खेळ आणि प्रतिमेची विकृती

तीन मॉनिटर शेजारी शेजारी मांडून त्यांवर एकच विस्तृत दृश्य पाहण्याची सोय एएमडी कंपनीच्या २००९ मधील ‘आयफिनिटी’ तंत्रामुळे खेळाडूंना पुष्कळच सुलभ झाली. अशा मांडणीत मधल्या पडद्यावरील चित्र निर्दोष दिसते. परंतु बाजूच्या पडद्यांवर मोटारी लांबट, माणसे रुंद आणि चेंडू अंडाकृती होतात. हा दोष यंत्राचा असावा असा सहज समज होतो. वस्तुतः त्याचे मूळ यथार्थदर्शनाच्या भूमितीत आहे.

त्रिमितीय दृश्य रेखाटताना संगणक सामान्यतः एक नेत्रबिंदू आणि त्याच्यासमोर एक सपाट प्रतल कल्पितो. वस्तूवरील बिंदू नेत्रबिंदूशी जोडणारी रेषा प्रतलाला जेथे छेदते, तेथे त्या बिंदूची प्रतिमा उमटते. या पद्धतीत सरळ रेषा सरळच राहतात, हा तिचा मोठा गुण होय. तथापि प्रतिमेचे मध्यापासूनचे अंतर कोनाच्या प्रमाणात वाढत नाही, तर कोनाच्या टॅन गुणोत्तराच्या प्रमाणात वाढते. ३०° चे हे गुणोत्तर ०·५७७ आहे, तर ६०° चे १·७३२, म्हणजे बरोबर तिप्पट.

आता मधल्या पडद्यावर ६०° चे दृश्य आहे असे मानू. त्याच प्रतलात तेवढेच रुंद आणखी दोन पडदे जोडल्यास एकूण दृश्य १८०° होत नाही, १२०° च होते. बाजूच्या प्रत्येक पडद्याच्या वाट्याला केवळ ३०° येतात आणि तेच पूर्ण रुंदीभर ताणले जातात. बाहेरील कडेशी प्रतिमा मध्याच्या मानाने रुंदीत चौपट व उंचीत दुप्पट होते. म्हणून तेथील लहान गोल उंचीच्या दुप्पट रुंद दिसतो.

असे असले तरी हे चित्र चुकीचे नव्हे. २७ इंची मॉनिटर सुमारे ६० सेंटिमीटर रुंद असतो. असे तीन मॉनिटर एका रेषेत ठेवून मध्यासमोर ५२ सेंटिमीटरांवर डोळा ठेवला, तर बाहेरील कड इतकी तिरकी दिसते की तिरकेपणाने होणारा संकोच त्या ताणाची तंतोतंत भरपाई करतो. प्रत्यक्षात मात्र खेळाडू बाजूचे पडदे स्वतःकडे वळवून घेतात. मग संकोच नाहीसा होतो आणि ताण तेवढा उरतो. पडदे ६०° नी वळविले असता, ज्या मोटारीची दिशा ६०° आहे ती ९०° वर, म्हणजे थेट खांद्याच्या रेषेत दिसते. शर्यतीच्या खेळात वा वाहनचालनाच्या सरावात हा प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही. अजून पुढे असलेले वाहन बरोबरीला आले आहे, असा चालकाचा ग्रह होतो.

यावरचा खरा उपाय म्हणजे प्रत्येक पडद्यासाठी स्वतंत्र प्रक्षेपण करणे. नेत्रबिंदू एकच ठेवावयाचा. प्रतले मात्र पडद्यांच्या प्रत्यक्ष कोनानुसार तीन घ्यावयाची. त्यासाठी पडद्याची रुंदी, डोळ्याचे अंतर, वळविल्याचा कोन आणि चौकटीची जाडी ही मापे अचूक द्यावी लागतात. मग पूर्ण १८०° दाखविता येतात. एका प्रतलावर ते अशक्यच आहे, कारण ९०° चे टॅन अनंत होते. याची किंमत अशी की दृश्य तीनदा रेखाटावे लागते. एनव्हिडिया कंपनीच्या २०१६ मधील ‘पास्कल’ रचनेत भूमितीवरील संस्कार एकदाच करून अनेक प्रक्षेपणे काढण्याची योजना आली. परंतु खेळाच्या आज्ञावलीतच तिची तरतूद असावी लागते. तशी तरतूद नसल्यास दृश्यकोन कमी करणे एवढेच हाती राहते. त्याने ताण घटतो, पण विस्तारही घटतो.

हे तत्त्व नवे नाही. १९५२ मध्ये न्यूयॉर्क येथे सुरू झालेल्या ‘सिनेरामा’ चित्रपटपद्धतीत १४६° चे दृश्य तीन भिंगांनी टिपून, तीन प्रक्षेपकांनी वक्र पडद्यावर दाखवीत. तेथेही सांधे डोळ्यांना जाणवत आणि मध्यापासून दूर बसलेल्या प्रेक्षकाला सरळ रेषा सांध्यापाशी मोडलेल्या दिसत. याचे कारण एकच: कोणतेही यथार्थदर्शी चित्र एकाच नेत्रबिंदूपुरते यथार्थ असते. म्हणून विकृतीचा विचार करताना चित्राबरोबरच पाहणाऱ्याचे स्थानही मोजले पाहिजे.